ब्रेकची खरखर: आधी पिना तपासा, मग पॅड बदला

ब्रेक दाबल्यावर चाकातून खरखर यायला लागली की बरेच जण पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलतात. काही जण लगेच गॅरेज गाठतात आणि ‘पॅड टाकून द्या’ म्हणतात. ढकलण्यात धोका आहे हे सांगायला नको. पण नुसते पॅड टाकण्यातही गोम आहे. जुने पॅड का संपले हे कुणी बघितलंच नाही, तर नवेही तितक्याच लवकर आणि तसेच वाकडेतिकडे झिजतात. माझ्या अनुभवात खरखरीचं मूळ बहुतेक वेळा कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिनांत सापडतं (तो या पिनांवरच सरकतो), आणि पिना साफ करायला हत्यारांपेक्षा वेळ आणि चिकाटीच जास्त लागते.

इथे मी आपल्याकडची नेहमीची छोटी हॅचबॅक धरली आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि मधे हाताने ओढायचा हँडब्रेक. वॅगन आर, स्विफ्ट, टियागो, ग्रँड आय टेन या सगळ्या त्याच घरातल्या. मागेही डिस्क असेल किंवा बटणाचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल, तर पुढच्या चाकांचं सगळं लागू आहे. मागच्या चाकांना मात्र घरी हात लावू नका. तो पिस्टन बऱ्याचदा फिरवत आत घ्यावा लागतो किंवा स्कॅनर लावून गाडी सर्व्हिस मोडला न्यावी लागते. जोर लावून ढकलला तर आतली यंत्रणा मोडते.

आधी ऐका

गाडी उचलायच्या आधी आवाज नीट ऐका. एसी बंद, गाणी बंद, काचा खाली. एका बाजूला कंपाउंडची भिंत असेल अशा रिकाम्या रस्त्यावरून सावकाश जा. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे तो डावीकडचा की उजवीकडचा हे कळतं. मग उलट दिशेने येऊन दुसरी बाजू ऐका.

पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खर्र झालं आणि नंतर आवाज गेला, तर तो रात्रीतून डिस्कवर चढलेला तांबूस गंज. डिस्क ओतीव लोखंडाची आणि उघडी असते, पॅड घासतो त्या भागाला रंग लावता येत नाही. गाडी धुऊन उभी केली तरी असा थर येतो आणि पॅडच तो पुसून काढतात. तिथे काही करायचं नाही. मात्र मालवण-रत्नागिरीकडच्या किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत गाडी महिनाभर उभी राहिली, तर गंज खोल जातो. पॅड टेकलेला असतो तेवढ्याच जागी डाग पडतो आणि पुढे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा घर्र होतं. इलेक्ट्रिक गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण तिथे वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते आणि डिस्क पुसलीच जात नाही.

हलका ब्रेक दाबल्यावर बारीक, टोकदार ‘चीं’ येत असेल, तर पॅडवरची पत्र्याची जीभ डिस्कला टेकायला लागली आहे. ती मुद्दामच बसवलेली असते. मसाला, म्हणजे पॅडवरचा घासणारा थर, साधारण दोन-तीन मिलिमीटर उरला की तिने ओरडायचं. हा इशारा मिळाला तर नशीब समजा, कारण स्वस्तातल्या काही पॅडना ती जीभच नसते.

जाड, खरबरीत, पेडलमधून पायाला जाणवणारी खरखर म्हणजे मसाला संपला आणि पॅडची लोखंडी पाटी थेट डिस्कवर घासतेय. इथे गाडी थांबवा. ‘गॅरेजपर्यंत हळू नेतो’ असंही करू नका, आणि वाटेत घाट असेल तर मुळीच नाही. लोखंडावर लोखंड घासून गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, डिस्कमध्ये दर ब्रेकला नवा चर पडतो, आणि पिस्टन कॅलिपरमधून नको इतका बाहेर येतो. तो फारच बाहेर आला तर ब्रेक ऑइल गळतं आणि पेडल खाली बसतं.

ब्रेक न दाबताही पत्रा घासल्यासारखा सतत आवाज येत असेल, तर डिस्क आणि तिच्या मागचं पत्र्याचं कव्हर यांच्यात खडी अडकली असण्याची शक्यता मोठी. खडी टाकलेल्या किंवा कच्च्या रस्त्यावरून आल्यावर हे हमखास होतं. गाडी दहा-वीस फूट मागे घ्या, बऱ्याचदा खडा तेवढ्यानेच पडतो. नाही पडला तर चाक काढून कव्हर बोटाने डिस्कपासून जरा दूर वाकवा.

वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं ब्रेकची नसते, ती बेअरिंगची. मोठ्या वळणावर गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डावीकडचं बेअरिंग तपासा. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरून खर्रर्र वाजलं, तर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आपलं काम करतंय. त्यात बिघाड नाही.

पुढून की मागून, याची एक सोपी चाचणी आहे. रिकाम्या सपाट मैदानात दहा-पंधराच्या वेगाने जा, हँडब्रेकचं बटण दाबूनच धरा आणि दांडा हळूहळू ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. त्याने खरखर आली तर मामला ड्रममधला, नाही आली आणि पायाच्या ब्रेकने आली तर पुढच्या डिस्ककडे वळा.

अजून एक खूण उष्णतेची. आठ-दहा किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवून थांबलात की दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एका चाकातून भट्टीसारखी धग येत असेल आणि दुसरं कोमट असेल, तर गरम बाजूचा ब्रेक सुटतच नाहीये. गाडी त्या बाजूला ओढतही असेल.

सामान आणि जागा

गाडीसोबत येणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर काम करू नका. दोन जॅक स्टँड विकत घ्या, ते वर्षानुवर्षं टिकतात. विटा, दगड, पेव्हर ब्लॉक हे स्टँडच्या जागी कधीही नको. वीट भाराखाली न सांगता फुटते. याशिवाय सॉकेटचा संच (बहुतेक काम १२, १४ आणि १७ नंबरवर होतं), १७ चा सपाट फिक्स पाना, मोठा सी-क्लॅम्प, वायर ब्रश, बारीक पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, जाड तार, व्हर्नियर, हातमोजे आणि मास्क. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असला तर उत्तम. ब्रेकच्या बोल्टना अंदाजपंचे आवळणं मला मान्य नाही, तेव्हा निदान एक दिवस तरी कुणाकडून मागून आणा.

ग्रीस ब्रेकसाठीचंच हवं, सिलिकॉनचं. बेअरिंगला लावतात ते साधं ग्रीस पिनांवरच्या रबरी बुटांना (टोप्यांना) फुगवतं, आणि फुगलेल्या रबरात पिन अडकते. त्याच कारणाने पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांनी कॅलिपर धुवायचा नाही.

पॅड दोन्ही चाकांचे एकत्रच बदलायचे, एका बाजूचे कधीच नाही. दुकानात नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. त्याच नावाच्या गाडीत वर्षागणिक आणि व्हेरियंटप्रमाणे कॅलिपर वेगळा असतो. चासी नंबरवरून पार्ट काढायला सांगा किंवा जुना पॅड सोबत न्या. कंपनीचे घ्या, नाहीतर बॉशसारख्या नावाजलेल्या कंपन्यांचे, पण ओळखीच्या दुकानातून. ब्रेकचे पार्ट नकली निघतात, आणि खोका हुबेहूब असला तरी आतला मसाला घाटात पहिल्यांदा कळतो.

जागा सपाट आणि पक्की हवी. सोसायटीच्या पार्किंगचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा.

गाडी उचलणं

गाडी पहिल्या गिअरला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ओंडके. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करा. दाराखालच्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे, जॅकसाठी दोन खाचा असतात. त्यांच्या मधल्या जागीच जॅक लावा. गाडी उचलली की मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या मजबूत जागी स्टँड द्या, गाडी त्यावर बसू द्या, मग बॉनेटच्या कडेला धरून जोराने हलवून बघा. डुगडुगली तर खाली घेऊन पुन्हा. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर पडेल, अंगावर नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून शाबूत राहते. क्लिप कुठे होती, जीभ आत की बाहेर, असा प्रश्न पडला की तिकडे जाऊन बघायचं.

पॅडची धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरने उडवायची तर नाहीच. जुन्या किंवा अनोळखी मालात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि नसलं तरी ती धूळ फुप्फुसात जाण्यासारखी नाही. ब्रेक क्लीनर मारून ओली करा आणि फडक्याने टिपून घ्या.

कॅलिपर उघडून पॅड वाचा

स्टिअरिंग फिरवून कॅलिपरची मागची बाजू तुमच्याकडे आणा. मागे वर आणि खाली असे दोन बोल्ट दिसतील, पिनांचे. फक्त खालचा काढा. पिन सोबत फिरायला लागली तर तिच्या सपाट बाजूला फिक्स पाना धरा. आता कॅलिपर वरच्या पिनवर बिजागरीसारखा वर उघडतो. पूर्ण काढायचा असेल तर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लटकत ठेवला तर होज आतून फाटतो, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

पॅड बाहेर काढा. आतला कोणता, बाहेरचा कोणता यावर मार्करने खूण करा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. इथे घाई करू नका. सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच पाच मिनिटं.

दोन्ही पॅड सारखे झिजले असतील तर झीज नैसर्गिक, पिना बऱ्या आहेत. नवा मसाला साधारण दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. तीनवर आला की बदलायचा.

आतला संपला आणि बाहेरचा बराच शिल्लक असेल, तर पिस्टन मागे जात नाहीये किंवा पिना अडकल्याने कॅलिपर सरकत नाहीये. कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने सगळा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. सरकणं बंद पडलं की सगळा भार आतल्यावर. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर सरकून परत येत नाहीये, म्हणजे पुन्हा पिनाच. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर दोनपैकी एकच पिन अडकली आहे किंवा पॅडचे कान ब्रॅकेटच्या (पॅड आणि कॅलिपर धरणाऱ्या लोखंडी चौकटीच्या) खाचेत गंजून आवळले आहेत.

आमच्या शेजारच्या काकांची गाडी मागच्या पावसाळ्यानंतर अशीच खरखरत होती. ‘अरे, पॅड वर्षापूर्वीच टाकलेत, पॅड नसणार,’ असं त्यांचं ठाम मत. बाहेरून रिममधून बघितलं तर खरंच पॅड जाड दिसत होता. उघडल्यावर आतल्या पॅडची नुसती पाटी उरली होती, कडेला जळून निळसर झालेली. बाहेरच्यावर सहा मिलिमीटर मसाला तसाच. खालची पिन हाताने हलेना. बूट एका बाजूला फाटला होता आणि आत ग्रीसच्या जागी लाल मातीचा चिखल सुकून बसला होता. पॅड टाकणाऱ्याने ती पिन उघडलीच नव्हती. रिममधून डोकावून फक्त बाहेरचा पॅड दिसतो, म्हणून तेवढं बघून निश्चिंत होऊ नका.

मसाला काचेसारखा गुळगुळीत आणि चकचकीत दिसत असेल तर तो तापून भाजला आहे. आंबेनळी किंवा वरंधा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून ठेवला की हे होतं. घाट उतरताना दुसऱ्या गिअरला या, इंजिनाला गाडी धरू द्या आणि ब्रेक अधूनमधून ठाम दाबून सोडा.

पिना

दोन्ही पिना बुटातून ओढून काढा. सरळ आल्या पाहिजेत. वरची आणि खालची वेगळी असू शकते, एखादीच्या टोकाला रबरी कॉलर असते, तेव्हा अदलाबदल होऊ देऊ नका. पिन अडकली असेल तर हातोडीने ठोकू नका. फिक्स पान्याने मागेपुढे फिरवत, थोडं थोडं ओढत काढा.

जुनं ग्रीस पूर्ण पुसा. गंजाचे ठिपके बारीक पॉलिश पेपरने काढा. खड्डे पडले असतील तर पिन नवी घ्या. पिन जाते ते भोक आतून साफ करणं लोक विसरतात. काडीला फडकं गुंडाळून ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा, फडकं पांढरं येईपर्यंत. बूट फाटलेला असेल तर त्याचा किट मिळतो, तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. आता सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावून पिन आत सारा. भोकात ग्रीस ठासून भरलं तर हवा अडकते आणि पिन स्प्रिंगसारखी बाहेर येते. दोन बोटांनी आत-बाहेर सहज सरकली की झालं.

मग ब्रॅकेट. पॅडचे कान ज्यात बसतात त्या स्टीलच्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंजाची पापुद्र्यासारखी पोपडी असते, ती क्लिपला वर उचलते आणि पॅडला आवळते. वायर ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासा. शक्यतो नव्या क्लिपा बसवा, त्या बऱ्याचदा पॅडसोबतच येतात. नवा पॅड खाचेत बोटाच्या जोराने सरकला पाहिजे. ठोकून बसवावा लागत असेल तर साफसफाई अपुरी आहे.

पिस्टन

नवे पॅड जाड असल्यामुळे पिस्टन आत ढकलावा लागतो. त्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा. पिस्टन आत गेला की ऑइल वर चढतं. पातळी वरच्या रेघेजवळ असेल तर सिरिंजने थोडं काढून ठेवा. पॅड झिजतात तशी ही पातळी आपोआप उतरते, म्हणून पॅड बदलायच्या आधी ऑइल ओतून डबी भरायची नसते. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, कारण ते रंग खातं.

पिस्टनभोवतीचा रबरी बूट बघा. फाटलेला किंवा ऑइलने ओला असेल तर इथेच थांबा, कॅलिपरचं सील बदलायला हवं. ठीक असेल तर पिस्टनवर जुना पॅड आडवा धरा आणि सी-क्लॅम्पने सावकाश दाबा.

पिस्टन जात नसेल तर एक उपयोगी चाचणी आहे. कॅलिपरच्या ब्लीडर निपलला (हवा काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा, निपल पाव फेरा सोडा आणि पुन्हा दाबा. आता पिस्टन सहज गेला तर पिस्टन निर्दोष आहे, होज आतून फुगून परतीचा रस्ता अडला आहे. तरीही गेला नाही तर पिस्टन गंजून बसला आहे. क्लॅम्पचा दाब सोडण्यापूर्वी निपल बंद करा, नाहीतर हवा आत जाते. दोन्ही दुरुस्त्या ओळखीच्या मेकॅनिककडे सोपवलेल्या बऱ्या, पण काय बिघडलंय हे तुम्हाला नेमकं सांगता येईल.

डिस्क ठेवायची की बदलायची

प्रत्येक डिस्कवर किमान जाडी कोरलेली किंवा ओतलेली असते, मधल्या फुगीर भागावर किंवा कडेवर. कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत, पाच-सहा ठिकाणी जाडी मोजा. कडेला न झिजलेली उंच धार राहते, व्हर्नियर तिच्यावर टेकला तर माप चुकीचं जास्त येतं. कोरलेल्या आकड्याच्या खाली असेल तर डिस्क बाद. जेमतेम वर असेल तरी बादच धरा, कारण नवे पॅड संपेपर्यंत ती खाली जाणार.

आता नख आडवं फिरवा. बारीक रेघा चालतात. नख चरात अडकत असेल, भेगा असतील किंवा निळे डाग असतील तर बदला. लेथवर घासून आणायची पद्धत अजून आहे, पण छोट्या गाड्यांच्या डिस्कमध्ये मुळात फार जाडी नसते. घासून किमान आकड्याच्या बऱ्यापैकी वर राहणार असेल तरच त्या भानगडीत पडा. पाटी बराच काळ घासली असेल तर मी दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्क घेतो.

डिस्क काढायला ब्रॅकेटचे दोन मोठे बोल्ट काढावे लागतात. ते भलतेच घट्ट असतात. लांब दांडा लावा, पण गाडी स्टँडवर हलत नाही ना हे बघत. डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला) चिकटली असेल तर तिच्यावर आट्याची दोन भोकं दिसतील. बऱ्याच गाड्यांत तिथे ८ मिलिमीटरचे बोल्ट बसतात. ते आळीपाळीने आवळले की डिस्क सुटते. नवी बसवण्यापूर्वी हबचा दर्शनी भाग वायर ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाची एक कपची राहिली तरी डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही महिन्यांनी पेडल थरथरायला लागतं. नव्या डिस्कवर गंज न चढावा म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा.

जुळवणी

जीभ असलेला पॅड जुना होता त्याच बाजूला आणि त्याच दिशेने. पॅडच्या कानांना आणि पाठीला ग्रीसचा हलका हात. मसाल्याला आणि डिस्कला अजिबात नाही, चुकून लागलं तर तो पॅड वापरू नका. कॅलिपर खाली आणा, बोल्ट लावा. पिनांच्या बोल्टना बऱ्याच छोट्या गाड्यांत जेमतेम २२ ते ३५ न्यूटन-मीटर लागतात, ब्रॅकेटच्या बोल्टना त्याच्या कितीतरी पट. तुमच्या गाडीचा नेमका आकडा वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्या. पिनांचे बोल्ट जोरात आवळून आटे घालवलेले कॅलिपर गॅरेजमध्ये नेहमी दिसतात.

चाक लावा, नट हाताने चढवा, समोरासमोरचे क्रमाने आवळा, गाडी खाली घ्या आणि मग टॉर्क द्या. छोट्या गाड्यांत हा साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो.

आणि आता, इंजिन सुरू करण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत हळूहळू पंप करा. पिस्टन मागे ढकललेला आहे, पहिला ब्रेक पोकळ जाणार. हे न करता गाडी पार्किंगमधून बाहेर काढली तर समोरच्या भिंतीपर्यंत ब्रेकच लागत नाही. पंप करून झाल्यावर डबीतली पातळी पुन्हा बघा.

पेडल स्पंजासारखं लागत असेल तर हवा शिरली आहे, ब्लीड करा, म्हणजे ती ऑइलसोबत बाहेर काढा. एक जण आत बसून दाबणार आणि धरणार, दुसरा निपल उघडून बंद करणार, मगच आतल्याने पाय सोडायचा. सुरुवात साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून (पेडलने ऑइलवर दाब देणाऱ्या, डबीखालच्या सिलिंडरपासून) सर्वांत लांबच्या चाकाने, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत मागच्या डाव्याने; मॅन्युअलमध्ये क्रम वेगळा असेल तर तो पाळा. डबी मधेच रिकामी होऊ देऊ नका. ऑइल झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि सीलबंद बाटलीतलं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत येते. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी बदला. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजच्या वाया ऑइलच्या पिंपात द्या.

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नसताना ५० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत मध्यम दाबाने या, पूर्ण थांबू नका, पुन्हा वेग घ्या. मधे अर्धा-एक मिनिट जाऊ देत असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता पाच-सात मिनिटं चालवून थंड होऊ द्या. तापलेले पॅड एकाच जागी दाबून उभे राहिलात तर डिस्कवर मसाल्याचा ठसा उमटतो. या फेरीत थोडा वास येतो, तो काळजीचा नाही.

मागचे ड्रम

हँडब्रेकच्या चाचणीत खरखर मागून आली असेल तर ओंडके पुढच्या चाकांना, गाडी गिअरला, हँडब्रेक पूर्ण खाली. ड्रमवरही बऱ्याचदा आट्याची दोन भोकं असतात, वरचीच युक्ती चालते. काही गाड्यांत ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतं आणि मधला मोठा नट काढावा लागतो. ते काम मेकॅनिकला द्या.

आत बहुधा पावसाळ्यातला चिखल आणि लायनरची (ड्रमला आतून घासणाऱ्या थराची) पूड सापडते. ओली करून पुसा, ड्रमची आतली कड घासा, आवाज बऱ्याचदा इथेच संपतो. लायनर दीड मिलिमीटरवर आला असेल, रिव्हेट दिसत असतील किंवा सुटून आला असेल तर बदलायचा. व्हील सिलिंडरच्या (लायनर ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबराची कड जरा उचलून बघा, आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. लायनर बदलताना स्प्रिंगा काढण्यापूर्वी फोटो काढा, आणि डाव्या-उजव्या बाजूचे ॲडजस्टर मिसळू नका, त्यांचे आटे उलटे असतात. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअरला टाकून, चाकांना ओंडके लावून हँडब्रेक सोडून ठेवा. नाहीतर लायनर ड्रमला गंजून चिकटतो.

शंभरेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा टॉर्कने तपासा, ऑइलची पातळी बघा आणि रिमजवळ हात नेऊन दोन्ही बाजूंची धग सारखी आहे का ते पाहा. त्यानंतर दरवर्षी पाऊस संपला की, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास, पुढची चाकं काढून पिना साफ करून पुन्हा ग्रीस लावा. त्याच वेळी चारही पॅडची जाडी, आतली आणि बाहेरची वेगवेगळी, सर्व्हिस बुकाच्या मागच्या पानावर तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी आत-बाहेरच्या आकड्यांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर आवाज यायच्या आधीच कोणत्या चाकाची पिन अडकतेय ते कळेल.